आजाऱ्याची वर्गणी

ज्युलियस न्येरेरे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते हे पुष्कळांना माहीत असतं. ते शेक्सपिअरचे अनुवादक होते हे थोड्यांना. 'ज्युलियस सीझर' त्यांनी १९६३ मध्ये स्वाहिलीत आणलं आणि १९६९ मध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'. या दुसऱ्या नाटकाला त्यांनी नाव दिलं 'माबेपारी वा वेनिसी'. त्यातला 'बेपारी' आपल्याला लगेच ओळखू येतो. समुद्र ओलांडून गेलेल्या गुजराती वेपाऱ्यांबरोबर तो शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, असं कोशकार सांगतात. पण तिथं रुजता रुजता त्याचा अर्थ सरकला. दुकानदार, उदमी हा अर्थ मागे पडला आणि 'भांडवलदार' पुढे आला. 'उबेपारी' म्हणजे भांडवलशाही. शिवाय मूळ नावात व्यापारी एकच आहे, न्येरेरेंच्या नावात ते अनेक झाले, कारण 'मा' हा बहुवचनाचा उपसर्ग. टांझानियाची समाजवादी दिशा ठरवणारा आरुशा जाहीरनामा १९६७ चा, म्हणजे अनुवादाच्या दोन वर्षं आधीचा. अनुवादक म्हणून मला हे शीर्षक थोडं आगाऊ वाटतं, आणि त्याचा हेवाही वाटतो.

हे नाटक आठवायला कारण घडलं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी आफ्रिकी देशांतल्या आरोग्यखर्चावरच्या एका इंग्रजी अहवालाचा मराठी अनुवाद करत होते. असली कामं पोटासाठी केली जातात आणि ती करताना माणूस फार विचार करत नाही. पण त्यात केनियातल्या एका निकालाचा उल्लेख आला आणि मी थांबले. नैरोबीच्या एका सरकारी प्रसूतिगृहात दोन बायकांना बाळंतपणानंतर घरी जाऊ दिलं नव्हतं. कारण बिल भरायला पैसे नव्हते. २०१५ साली तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं, की असं डांबून ठेवणं बेकायदा आहे, त्याने स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा या दोन्ही हक्कांचा भंग होतो. बुरुंडीमध्ये तर ही रीतच पडली होती. 'ह्यूमन राइट्स वॉच'ने २००६ मध्ये त्यावर आख्खा अहवाल काढला. उपचार संपलेली माणसं, सिझेरियन झालेल्या बायका, मुलं, बिल फिटेपर्यंत दवाखान्यातच.

देणं फेडता येत नसेल तर देह तारण. शायलॉकचा करार हाच आहे. पण शायलॉकच्या मनात अपमानांचा डूख होता. दवाखान्याच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाच्या मनात काही नसतं. बाईला ठेवून घेतल्याने पैसे येतीलच असं नाही, उलट रोजचा खाटेचा आकार वाढत जातो. तरीही तिला सोडलं तर उद्या कोणीच भरणार नाही, औषधं येणार नाहीत, झाडूवाल्याचा पगार निघणार नाही, असं त्याला वाटतं, आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर ते अगदीच खोटं नसतं. मला छळणारा प्रश्न इथून सुरू होतो. ज्यात कोणीही दुष्ट नाही अशा व्यवस्थेत बाळंतीण ओलीस कशी राहते?

याला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. स्वातंत्र्यानंतर टांझानियासारख्या देशांनी सरकारी दवाखान्यातले उपचार मोफत ठेवण्याचं धोरण घेतलं. न्येरेरेंच्या सरकारने १९७७ मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी दवाखान्यांवर बंदीही घातली. (ही बंदी मला कधीच शहाणपणाची वाटलेली नाही. १९९१ मध्ये ती उठली.) मग तेल महागलं, कॉफीसारख्या पिकांचे भाव कोसळले, इदी अमीनशी युद्ध झालं, परकीय कर्जांवरचं व्याज चढलं. नाणेनिधी कर्ज द्यायला तयार होता, पण अटींवर: चलनाचं अवमूल्यन करा, सरकारी खर्च कापा, अनुदानं काढा. न्येरेरे बरीच वर्षं अडून राहिले. पोरांना उपाशी ठेवून कर्ज फेडायचं का, असं ते उघड विचारत. १९८५ मध्ये ते पायउतार झाले आणि पुढच्याच वर्षी टांझानियाने नाणेनिधीशी करार केला.

टांझानिया एकटा नव्हता. घानाने १९८५ मध्येच सरकारी दवाखान्यांचे दर भरमसाट वाढवले होते. पुढे तिथल्या पद्धतीला लोक 'कॅश अँड कॅरी' म्हणू लागले, म्हणजे आधी पैसे मोजा, मग माल न्या. १९८७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जागतिक बँकेने विकसनशील देशांच्या आरोग्यखर्चावर एक धोरणपत्र काढलं, ज्याचा पहिला सल्ला होता, की सरकारी सेवा वापरणाऱ्याकडून शुल्क घ्या. आणि मालीची राजधानी बामाकोमध्ये आफ्रिकी आरोग्यमंत्र्यांनी, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने, एक उपक्रम जाहीर केला. गावच्या दवाखान्यात औषधं थोडा नफा ठेवून विकावीत, तो पैसा गावच्या समितीकडे राहावा आणि त्यातून पुढची औषधं यावीत. बामाकोची थट्टा करणं सोपं आहे. पण त्या वेळी दवाखान्यांची फडताळं रिकामी होती. मोफत सेवेचा बोर्ड बाहेर आणि आत पॅरासिटामॉलसुद्धा नाही, अशा दवाखान्यात जाऊन आलेल्या माणसाला 'थोडे पैसे घ्या, पण गोळी द्या' असं वाटणं साहजिक होतं. फुकटच्या नावाखाली हाती काहीच न मिळणं हीही एक फसवणूकच.

केनियाने १९८९ च्या अखेरीस शुल्क लावलं. त्याचं काय झालं याची एक नोंद मी विसरू शकत नाही. नैरोबीच्या गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात शुल्क लागल्यावर पुरुषांची हजेरी आधीच्या ४० टक्क्यांवर आली, बायकांची ६५ टक्क्यांवर. एचआयव्ही त्या शहरात पसरत होता ते हे दिवस. जे लोक आले नाहीत ते बरे झाले म्हणून नव्हे. १९९० मध्ये सरकारने शुल्क स्थगित केलं आणि थोड्याच काळात टप्प्याटप्प्याने परत आणलं.

आता माझ्या कामाच्या गोष्टीकडे येते. अहवालात 'यूजर फी' हा शब्द पानोपानी होता. मराठी सरकारी लिखाणात त्याला 'उपयोगकर्ता शुल्क' म्हणतात. रस्ता वापरणाऱ्याकडून पथकर घ्यावा तसा. पण आजारी माणूस दवाखाना 'वापरतो' का? मलेरियाने थरथरणारं पोर खांद्यावर टाकून सात-आठ मैल चालत आलेली बाई कशाची 'उपयोगकर्ती' आहे? शब्दातच गृहीत धरलंय, की समोरच्याने निवड केली, त्याला सेवा हवी होती, त्याने घेतली. आजारात निवड नसते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला एक सोज्वळ जोडशब्दही आहे: पैसे देण्याची 'तयारी'. गाय विकून सिझेरियनचे पैसे भरणाऱ्या नवऱ्याची पैसे देण्याची तयारी दांडगी असते, यात शंका नाही.

टांझानियाने १९९३ पासून सरकारी रुग्णालयांत शुल्क आणलं, तेव्हा धोरणाच्या स्वाहिलीत त्यासाठी 'उचांगियाजी' हा शब्द चालला. तो 'म्चांगो' या शब्दाच्या कुळातला. मला स्वाहिली येत नाही. मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते. पण 'म्चांगो' समजायला मराठी माणसाला कोश लागत नाही. म्चांगो म्हणजे वर्गणी. पूर्व आफ्रिकेत लग्नाला म्चांगो असतो, मयताला असतो, आणि कोणाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं असेल तर त्यालाही असतो. केनियात यासाठी 'हरांबे' हा शब्द आहे, सगळ्यांनी मिळून ओढणे अशा अर्थाचा. दवाखान्याच्या बिलासाठी हरांबे भरवणं ही तिथं आजही नेहमीची गोष्ट आहे. फरक इतकाच, की आता तो फोनवर भरतो.

सरकारने शुल्काला फी न म्हणता वर्गणी म्हणावं, यात चलाखी होती असं मी म्हणणार नाही. कदाचित कोणा अधिकाऱ्याला आपल्या भाषेतला प्रेमाचा शब्द द्यावासा वाटला असेल. पण अनुवाद चुकला. वर्गणीचं व्याकरण असं आहे, की ज्याच्या घरी मयत झालं त्याच्याकडून वर्गणी घेत नाहीत. त्याच्यासाठी घेतात. ज्याचं घर जळतंय तो सोडून बाकीचे बादल्या आणतात. दवाखान्याच्या दारात आजाऱ्याकडूनच पैसे मागणं हे म्चांगोच्या नेमकं उलट आहे. तिथं घर जळणाऱ्यालाच सांगितलं जातं, की आग विझवण्याच्या कामात तुझाही वाटा असू दे.

आता फुकटाकडे. शुल्काच्या बाजूने केलेल्या युक्तिवादांत मला सर्वांत गंभीर वाटतो तो हा, की फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. हा काही वॉशिंग्टनहून आलेला विचार नाही. तो आपल्या भाषेत आहे. 'फुकट' म्हणजे पैसे न देता, आणि 'फुकट गेलं' म्हणजे वाया गेलं. कोश उघडून पाहिलं तर स्वाहिलीतही तेच निघालं. 'बुरे' म्हणजे मोफत, आणि बुरे म्हणजे व्यर्थ, निष्फळ. (देवनागरीत लिहिल्यावर हिंदी वाचकाला हा शब्द आणखीच वाईट दिसणार, त्याला माझा इलाज नाही.) दोन भाषा, मध्ये समुद्र, आणि एकच संशय. मग माणसांना खरंच असं वाटतं का? पैसे मोजल्याने माणूस वस्तूची कदर करतो का? आणि पैसे मोजणाऱ्याला तक्रारीचा हक्क मिळतो, फुकट घेणाऱ्याला गप्प बसावं लागतं, हे तरी खोटं आहे का? या शेवटच्या प्रश्नात प्रतिष्ठेचा मुद्दा आहे आणि तो मी सहज बाजूला सारू शकत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र केनियातच शोधलं गेलं. पश्चिम केनियात शाळेतल्या मुलांना जंताच्या गोळ्या देण्याच्या कार्यक्रमात काही शाळांत पालकांकडून अगदी किरकोळ रक्कम मागितली गेली. मोफत असताना सुमारे ७५ टक्के मुलं गोळ्या घेत होती. रक्कम लावल्यावर हा आकडा २० टक्क्यांच्या खाली गेला. दुसरा प्रयोग मच्छरदाण्यांचा होता. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा या दोघींनी गरोदर बायकांच्या दवाखान्यांत वेगवेगळ्या दराने मच्छरदाण्या ठेवल्या, कुठे मोफत, कुठे थोड्या पैशांत. किंमत शून्यावरून साठ अमेरिकी सेंटपर्यंत चढवली तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी घसरलं. आणि ज्यांना फुकट मिळाली त्यांनी ती कमी वापरली का? नाही. पैसे देणाऱ्या बायका जास्त गरजू होत्या का? तसंही दिसलं नाही. पैशाने गरज गाळली नाही, ऐपत गाळली. फुकट ते वाया हा भाषेचा संशय निदान मच्छरदाणीच्या बाबतीत भाषेपुरताच राहिला. आई आपल्या पोटातल्या बाळाच्या बाबतीत शब्दकोशाप्रमाणे वागत नाही.

प्रतिष्ठेच्या प्रश्नाचं उत्तर असं प्रयोगाने मिळत नाही. युगांडा घ्या. २००१ च्या मार्चमध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, मुसेवेनींनी सरकारी दवाखान्यांतलं शुल्क काढून टाकलं. हेतू मतांचा होता हे सगळ्यांना दिसत होतं. पण दवाखान्यांत गर्दी वाढली, आणि वाढली ती मुख्यतः गरिबांची. म्हणजे ते आधी आजारी नव्हते असं नाही. ते घरी होते. एवढी गर्दी पेलायला औषधं मात्र पुरेनात. चिठ्ठी लिहून मिळे आणि गोळ्या बाहेरच्या दुकानातून आणाव्या लागत, त्यामुळे आजारपणात बुडणाऱ्या गरीब कुटुंबांचं प्रमाण अपेक्षेइतकं घटलं नाही. शुल्काचे समर्थक म्हणाले, बघा, फुकट काही नसतं. मला यातून उलटं दिसतं. दारातले पैसे बंद करणं ही अर्धीच गोष्ट झाली. ते पैसे दुसरीकडून, निरोग्यांकडून, आधी गोळा करण्याचं काम राहून गेलं. वर्गणी बंद झाली नव्हती, ती सुरूच झाली नव्हती. तिथं बाईने तक्रार करायची तर कोणाकडे? तिने दारात काही दिलं नाही हे खरं. पण तिने मीठ, साबण, रॉकेल घेताना कर दिलेला असतो. तिच्या लक्षात नसेल, तिला तसं कोणी सांगितलेलंही नसेल. तक्रारीचा हक्क त्यातून येतो. दारातल्या पावतीवर तो अवलंबून का असावा?

घानाने २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा केला तो हे ओळखून. त्यातला बराच पैसा विक्रीवरच्या अडीच टक्के अधिभारातून येतो, म्हणजे गावभराच्या वर्गणीच्या जवळ जाणारी ही गोष्ट. बाकीच्यांनी हप्ता भरायचा, आणि अगदी गरिबांना माफी. आता अगदी गरीब कोण? नियमांत व्याख्या आहे. ज्याला काम नाही, उत्पन्नाचं दिसणारं साधन नाही, राहायला ठरलेली जागा नाही, जो कमावत्या आणि घर असलेल्या माणसाबरोबर राहत नाही, आणि ज्याला दुसऱ्या कोणाचाही नियमित आधार नाही. मी यावर बराच वेळ थांबले. 'गरीब' लिहून भागेना, 'दरिद्री'ने तर नाहीच. मग लक्षात आलं, की आपल्याकडे अचूक शब्द आहे आणि तो सरकारीच आहे: निराधार. तहसील कचेरीत ज्या नावाने पेन्शनचे अर्ज येतात तो. घानाच्या नियमाप्रमाणे नुसती गरिबी पुरत नाही; माणसाला कोणीच नसलं पाहिजे. विधवा बहीण भावाच्या खोलीत झोपते आणि भाऊ कुठं तरी हमाली करतो, तर ती निराधार नाही. ज्या समाजात चुलते-मावश्या-शेजारी यांचं जाळं हीच माणसाची ठेव, तिथं ते जाळं असणं हाच माफी नाकारण्याचा पुरावा. आणि जो असा सर्वस्वी एकटा आहे तो कचेरीत येऊन हे सगळं सिद्ध कसं करणार?

या सगळ्यात परदेशी मदतीचं काय, असं कोणी विचारेल. आफ्रिकेत गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळ काही फुकट मिळालं: एड्सची औषधं, मच्छरदाण्या, लसी. अमेरिकेचा पेपफार हा एड्सविरोधी कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि त्याने लाखो माणसं जगवली, यात वाद नाही. मग २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने परदेशी मदत गोठवली आणि ठिकठिकाणच्या दवाखान्यांना एका कागदाने काम थांबवायला लावलं. हे फुकट म्चांगोमधलं नव्हतं. म्चांगोत आज मी देते, उद्या तू देतोस; आपल्याकडे आहेराची वही असते तसं, देण्याघेण्याची नोंद मनात का होईना राहते. दान देणाऱ्याची वही नसते, म्हणून त्याला हात आखडता घेताना कोणाला तोंड दाखवावं लागत नाही. पण इथेही आफ्रिकी सरकारांना सोडून देता येणार नाही. २००१ मध्ये अबुजा इथं त्यांनी आपणहून कबूल केलं होतं, की अंदाजपत्रकाचा १५ टक्के वाटा आरोग्यावर खर्च करू. शब्द पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कर्जाचे हप्ते एका बाजूने ओढतात हे खरं. मंत्र्यांच्या गाड्या आणि परदेशातले उपचार दुसऱ्या बाजूने ओढतात हेही खरं.

विचार बदलू शकतो, हे मात्र दिसतं. १९८७ चा सल्ला देणाऱ्या त्याच जागतिक बँकेचे अध्यक्ष जिम योंग किम यांनी २०१३ मध्ये जिनिव्हात म्हटलं, की दारात घेतलं जाणारं शुल्क, लहानसं असलं तरी, अन्याय्य आहे आणि अनावश्यकही. त्याच वर्षी केनियाने छोट्या दवाखान्यांतलं शुल्क आणि सरकारी रुग्णालयांतली बाळंतपणाची फी काढली. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे घेणं बंद झालं. तेव्हाही आमच्या ओळखीतल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांचा पहिला उद्गार होता, "आता फुकट्यांची गर्दी होणार." गर्दी झालीच असेल. आजारी माणसांची.

अहवालाचं सांगायचं राहिलं. 'उपयोगकर्ता शुल्क' काढून मी सगळीकडे 'आजाऱ्याकडून घेतलेले पैसे' असं लिहिलं. लांब होतं, पण खरं होतं. 'कॉस्ट शेअरिंग'साठी 'वर्गणी' वापरायचा मोह झाला आणि मी तो आवरला. तीन महिन्यांनी छापील प्रत घरी आली. माझा शब्दप्रयोग कोणीतरी कापला होता आणि त्या जागी, एकूण एकेचाळीस ठिकाणी, 'लोकसहभाग' घातला होता.